पाय पडतो कधी आणि लूप लागतो कधी: मिडी पेडलचा उशीर मोजण्याविषयी

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही दर्यापूरकडच्या गावात एकट्याने खंजिरी भजन करता. खंजिरीचा एक ठेका वाजवून तो पायाच्या मिडी पेडलने (मिडी म्हणजे वाद्ये आणि यंत्रे एकमेकांना संदेश पाठवतात ती भाषा) लूपमध्ये, म्हणजे आपोआप पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यात, भरता, मोबाईलवरचे तबल्याचे ॲप सोबत चालू ठेवता आणि त्यावर गाता. सुरुवातीला सगळे जुळलेले असते, पण काही आवर्तनांनंतर खंजिरी आणि तबला यांच्यात फट पडते. मिडी संदेश दाखवणाऱ्या ॲपमध्ये पेडलचा संदेश दाबल्याबरोबर आलेला दिसतो. तेव्हा पेडलचा खरा उशीर कसा मोजावा आणि नवे पेडल घ्यावे का, असे तुम्ही विचारले आहे.

उशीर मोजण्याआधी कोणता उशीर त्रास देतो हे ठरवले पाहिजे. समजा, तुमचे पेडल प्रत्येक वेळी बरोबर ३० मिलिसेकंद उशिरा काम करते. समेवर तुम्ही पाय दिला, लूप ३० मिलिसेकंदांनी उघडला. पुढच्या समेवर पुन्हा पाय दिला, तो ३० मिलिसेकंदांनीच बंद झाला. दोन्ही टोके सारखीच सरकली, म्हणून लूपची लांबी अचूक राहिली. पहिल्या थापेचे तोंड कापले गेले खरे, पण दुसऱ्या समेवर दिलेल्या थापेचे तोंड लूपच्या शेपटीत नोंदले गेले, त्यामुळे लूप फिरू लागल्यावर सांधा बहुतेक वेळा भरून निघतो. आता समजा, दुसरे पेडल कधी ५ तर कधी २५ मिलिसेकंद घेते. त्याची सरासरी १५ म्हणजे पहिल्याच्या निम्मी आहे, पण लूपची लांबी त्यावर २० मिलिसेकंदांपर्यंत कमीजास्त होऊ शकते. तुमच्या कामासाठी पहिले पेडल चांगले आणि दुसरे वाईट, जरी कागदावर दुसरे 'वेगवान' असले तरी.

या २० मिलिसेकंदांचे पुढे काय होते तेही पाहू. केरव्याच्या आठ मात्रा मिनिटाला १६० च्या लयीत वाजवल्या तर एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची आणि एक आवर्तन तीन सेकंदांचे होते. लूप ३.००० ऐवजी ३.०२० सेकंदांचा भरला गेला तर एका आवर्तनात काहीच कळत नाही. पाच आवर्तनांनंतर १०० मिलिसेकंदांचा फरक पडतो आणि दोन्ही वाद्ये एकमेकांना अडखळू लागतात. वीस आवर्तनांनंतर, म्हणजे एका मिनिटात, ४०० मिलिसेकंद साचतात आणि खंजिरी एका मात्रेहून अधिक मागे पडते. तुम्ही वर्णन केलेली 'हळूहळू पडणारी फट' ही अशी असते. नुसता सारखाच उशीर असता तर फट पहिल्या आवर्तनापासून दिसली असती आणि नंतर वाढली नसती. म्हणून पेडल किती उशीर करते हा तुमच्यासाठी दुय्यम प्रश्न आहे. ते दर वेळी सारखाच उशीर करते का, हा पहिला.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्ही लिहिलेल्या नाहीत. लूपर, म्हणजे लूप भरून वाजवणारे साधन, स्वतंत्र यंत्र आहे की मोबाईल किंवा लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर? पेडल पाच पिनांच्या मिडी केबलने जोडले आहे, यूएसबीने की ब्लूटूथने? लूपरमध्ये क्वांटाइझ, म्हणजे तुमचा ठोका जवळच्या मात्रेवर आपोआप ओढून घेण्याची सोय, चालू आहे का? ती चालू असून लूपरची लय आणि तबल्याची लय एकाच घड्याळावर असेल तर पेडलचा १०-२० मिलिसेकंदांचा दोष लपून जातो आणि फटीचे कारण दुसरीकडे शोधावे लागते. तुमच्या वर्णनावरून क्वांटाइझ बंद आहे आणि तबल्याचे ॲप स्वतंत्र चालते, असे धरून मी पुढे लिहितो.

पाय आणि आवाज यांच्यामध्ये वेळ कुठे कुठे जातो ते थोडक्यात सांगतो, कारण मोजलेल्या आकड्याचा अर्थ त्यावरूनच लागतो. बटणाचे धातूचे संपर्क एकमेकांना टेकताना काही वेळा उसळतात, म्हणून पेडलमधला प्रोग्रॅम ती उसळी शांत होईपर्यंत थांबतो किंवा पहिल्याच स्पर्शावर संदेश पाठवून पुढचे काही मिलिसेकंद डोळे मिटून घेतो. दुसरी पद्धत लूपसाठी उत्तम, पहिलीत सहसा ५ ते २० मिलिसेकंद जातात. काही पेडले सगळी बटणे ठरावीक अंतराने आळीपाळीने तपासतात. हे अंतर १० मिलिसेकंदांचे असेल तर तुमचा पाय नेमका कधी पडला त्यानुसार शून्य ते दहा असा कुठलाही उशीर लागतो. पुढे मिडीची केबल येते आणि सगळ्यांत जास्त बोल तिलाच लावले जातात, जे मला अन्यायाचे वाटते. १९८३ पासून पाच पिनांच्या मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असा ठरलेला आहे. एका बाइटला सुरुवातीचा आणि शेवटचा बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे ३२० मायक्रोसेकंद. तीन बाइटांचा कंट्रोल चेंज किंवा नोटचा संदेश ०.९६ मिलिसेकंदात पोहोचतो. इतक्या वेळात आवाज हवेतून एक हातभरही जात नाही.

केबलचा दोष एकाच प्रसंगी असतो. हौसेने एका बटणावर पाच प्रोग्रॅम चेंज, दोन कंट्रोल चेंज आणि एक नोट असे सगळे लादले तर १९ बाइट होतात आणि त्यांना सहा मिलिसेकंद लागतात. लूपचा संदेश त्या रांगेत शेवटी उभा असेल तर तो तेवढा उशिरा पोहोचतो. तरीही हा उशीर दर वेळी सारखाच असल्यामुळे लूपच्या लांबीला धक्का लागत नाही. यूएसबीत संदेश साधारणपणे मिलिसेकंदाच्या घरात पोहोचतो. ब्लूटूथची गोष्ट वेगळी आहे. ब्लूटूथ लो एनर्जीत दोन उपकरणांची भेट ठरावीक अंतराने होते. हे अंतर कमीत कमी ७.५ मिलिसेकंद असू शकते आणि फोन ते बरेचदा याहून जास्त ठेवतो. तुमचा पाय भेटीच्या लगेच आधी पडला की लगेच नंतर, यावर उशीर बदलतो. एखादी भेट हुकली तर तो आणखी एका अंतराने वाढतो.

शेवटी लूपर येतो. सॉफ्टवेअर लूपर आवाज तुकड्यांत हाताळतो; या तुकड्याला बफर म्हणतात. ४४.१ किलोहर्ट्झवर २५६ नमुन्यांचा तुकडा ५.८ मिलिसेकंदांचा आणि ५१२ चा ११.६ मिलिसेकंदांचा असतो. चांगला प्रोग्रॅम मिडी संदेश तुकड्यात नेमका कुठे आला होता हे लक्षात ठेवतो. कामचलाऊ प्रोग्रॅम तो पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला ढकलून मोकळा होतो, आणि मग तुकडा जितका मोठा तितका चढउतार मोठा.

यावरून मिडी मॉनिटरचे ॲप तुम्हाला काही का सांगू शकले नाही हे कळेल. ते संदेशावर वेळेचा शिक्का मारते तो संदेश फोनपर्यंत पोहोचल्यावर. तुमचा पाय कधी पडला हे त्याला ठाऊकच नसते. बटणात, पेडलच्या प्रोग्रॅममध्ये आणि वाटेत गेलेला वेळ शिक्का पडण्याआधीच निघून गेलेला असतो. पत्रावर पोहोचल्याच्या पोस्टाचाच शिक्का असेल आणि टाकल्याचा नसेल, तर ते वाटेत किती दिवस रखडले हे कसे सांगणार?

आता मोजणी. मी वडसा भागात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांना कीबोर्ड आणि ऑक्टापॅडची साथ करतो. दिवाळीनंतर मंडयांपासून, म्हणजे गावोगावच्या जत्रांपासून, नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि रात्र-रात्र प्रयोग चालतात. हंगाम संपला की ओळखीच्या वादकांची पेडले आणि वायरी दुरुस्त करतो. माझी पद्धत स्वस्त आहे आणि तिला दोन इनपुट असलेला साधा ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारी पेटी), लॅपटॉपवर ऑडॅसिटी किंवा आवाज रेकॉर्ड करणारा तत्सम प्रोग्रॅम आणि एक पायझो चकती (कंपनाचा विद्युत संकेत करणारी) एवढेच लागते. ही चकती बझरमध्ये असते आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सुटीही मिळते. तिला दोन वायरी आणि एक जॅक डाखून घ्यावा, चकती पेडलच्या पत्र्यावर बटणाच्या अगदी शेजारी चिकटपट्टीने घट्ट चिकटवावी आणि जॅक इंटरफेसच्या पहिल्या इनपुटमध्ये लावावा. लूपरचे आउटपुट वायरीने दुसऱ्या इनपुटमध्ये आणावे. दोन्ही आवाज एकाच इंटरफेसमधून एकाच वेळी आत येतात, त्यामुळे इंटरफेसचा स्वतःचा उशीर दोन्हींना सारखाच लागतो आणि वजाबाकीत निघून जातो. लूपरचा आवाज माइकने घेऊ नये, कारण माइक स्पीकरपासून एक मीटर दूर असला तरी जवळजवळ तीन मिलिसेकंद हवेतच वाढतात. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर ठेवले की ४८ नमुने म्हणजे एक मिलिसेकंद, हिशेब सोपा होतो.

प्रथम पेडल लूपरऐवजी एखाद्या सॅम्पलला (साठवलेल्या छोट्या आवाजाला) जोडा, जो दाबताच कडक 'टक' असा आवाज करील. पन्नास वेळा पाय द्या, दोन पायांमध्ये दोन-तीन सेकंद जाऊ द्या. मग लाट मोठी करून पहिल्या पट्टीतला पायाचा उंचवटा आणि दुसऱ्या पट्टीतली 'टक' यांतले अंतर वहीत लिहा. येथे एक बारकावा आहे. बूट घालून दाबले तर पायझोवर एकच टोकदार उंचवटा दिसतो. अनवाणी दाबले, आणि भजनात आपण अनवाणीच असतो, तर आधी तळव्याच्या स्पर्शाची एक बुटकी, पसरट लाट दिसते आणि काही मिलिसेकंदांनी बटणाच्या 'कट' चा उंच, अणकुचीदार सुळका येतो. शून्य धरायचे ते या सुळक्याला. स्पर्शापासून सुळक्यापर्यंतचा वेळ तुमच्या पायाचा आहे, पेडलचा नव्हे. तो खूप कमीजास्त होत असेल तर पाय बटणावर टेकवून ठेवून फक्त शेवटचा दाब द्यायची सवय लावावी, त्याने पुष्कळ सुधारणा होते.

पन्नास आकडे मिळाले की सरासरी काढण्याची घाई करू नका. ते लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा. मधला आकडा म्हणजे तुमचा नेहमीचा उशीर. दोन्ही टोकांचे पाच-पाच आकडे बाजूला ठेवून उरलेल्यांत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांतले अंतर काढा, तो तुमचा चढउतार. बाजूला ठेवलेले दहा आकडे मात्र खोडू नका. पन्नासांत एखादाच आकडा भलताच मोठा असेल तर तो ब्लूटूथची हुकलेली भेट किंवा फोनचे मागे चाललेले दुसरे काम सांगतो. आकडे दहा मिलिसेकंदांच्या पट्ट्यात सारखे विखुरलेले असतील तर पेडल बटणे दहा-दहा मिलिसेकंदांनी तपासते असे समजावे. लक्षात घ्या की लूपला दोन पाय लागतात, सुरुवातीचा आणि शेवटचा. एका पायाचे प्रमाण विचलन ५ मिलिसेकंद असेल तर लूपच्या लांबीचे विचलन त्याच्या दोनच्या वर्गमुळाइतके पट, म्हणजे सुमारे ७ होते.

पन्नास आकड्यांचे हे काम कंटाळवाणे वाटत असेल तर थेट लूपच मोजा, आणि खरे सांगायचे तर तुमच्या तक्रारीसाठी मला हीच मोजणी जास्त पटते. पायझो तसाच ठेवा, दुसऱ्या इनपुटवर लूपरचे आउटपुट घ्या. लूप उघडा, मधे कुठेतरी खंजिरीची एकच थाप मारा, लूप बंद करा आणि चार-पाच वेळा फिरू द्या. आता पहिल्या पट्टीत दोन पायांच्या सुळक्यांमधले अंतर मोजा आणि दुसऱ्या पट्टीत त्या एकट्या थापेच्या दोन पुनरावृत्तींमधले अंतर मोजा. पहिला आकडा तुम्ही पायाने मागितलेली लांबी आणि दुसरा यंत्राने दिलेली लांबी. दोन्हींतला फरक हाच तुमच्या फटीचा उगम. असे वीस लूप भरा. फरक कधी अधिक, कधी उणे असा डोलत असेल तर तो चढउतार आहे. तो दर वेळी एकाच बाजूला झुकत असेल, म्हणजे लूप नेहमी लांबच भरला जात असेल, तर पेडल किंवा लूपर सुरुवातीचा पाय आणि शेवटचा पाय यांना वेगळी वागणूक देतो आहे.

ही वेगळी वागणूक मी कशी पकडली ते सांगतो, कारण तुमच्याकडे हाच रोग असण्याची शक्यता मला सर्वांत जास्त वाटते. काही वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात मी उसने आणलेले पेडल वापरले होते. दुसऱ्याच अभंगाला ढोलकीवर बसलेले वयस्कर काका वाजवता वाजवता माझ्याकडे वळून म्हणाले, "लंगडते गा थे खंजिरी!" मी पुन्हा लूप भरला, तो पुन्हा लंगडला. शेवटी लूप बंद करून हातानेच खंजिरी वाजवली आणि वेळ निभावली. घरी येऊन वर सांगितल्याप्रमाणे पायझो लावला. आकडे पाहून प्रथम मला माझ्याच डाखण्याचा संशय आला. कुठे १३० मिलिसेकंद, कुठे २१०, एके ठिकाणी तर ३०० च्या पुढे. कोणत्याही केबलमध्ये किंवा बफरमध्ये एवढा वेळ जात नाही.

मग मी एक लाट खूप मोठी करून पाहिली. पायझोच्या पट्टीत एक सुळका नव्हता, दोन होते. पहिला बटण खाली गेल्याचा, दुसरा पाय उचलल्यावर बटण वर आल्याचा, थोडा बुटका. आणि सॅम्पलची 'टक' दर वेळी दुसऱ्या सुळक्यानंतर साधारण नऊ मिलिसेकंदांनी येत होती. सगळे आकडे दुसऱ्या सुळक्यापासून मोजले तेव्हा १३० आणि ३०० चा गोंधळ नाहीसा झाला. सगळीकडे आठ, नऊ, दहा. पेडल चोख होते, फक्त पाय दाबल्यावर नव्हे तर उचलल्यावर संदेश पाठवत होते. त्या बटणावर मालकाने 'दाबून धरल्यास लूप पुसावा' असे दुसरे काम नेमून ठेवले होते. असे दुहेरी काम असले की पेडलपुढे इलाज उरत नाही. तुम्ही नुसते दाबले की दाबून धरले आहे, हे पाय उचलेपर्यंत त्याला कळत नाही, म्हणून नुसत्या दाबण्याचा संदेश ते पाय उचलल्यावरच पाठवू शकते. दोनदा पटकन दाबण्याची सोय ठेवली तरी हेच होते, उलट तेथे दुसरा ठोका येतो का याची वाट पाहावी लागते.

लूप नेहमी लांबच का भरला जात होता याचेही उत्तर त्यात मिळाले. सुरुवातीचा पाय मी नुसती खंजिरी वाजवताना देत असे, तो चटकन वर येई. शेवटचा पाय देताना मी अभंगाच्या ओळीला सुरुवात करीत असे आणि सुराच्या नादात पाय बटणावर तसाच रेंगाळे. तेवढ्याने लूप शंभर-सव्वाशे मिलिसेकंदांनी वाढे. काकांचा कान माझ्या लॅपटॉपच्या आधी तेथे पोहोचला होता.

हा रोग तुमच्याकडे आहे का हे कळायला पायझोही लागत नाही. बटण दाबा आणि पाय तसाच दाबून ठेवा. दिवा पेटून लूप सुरू झाला तर संदेश दाबल्यावर जातो. पाय उचलल्यावर सुरू झाला, किंवा दाबून धरण्याचे दुसरेच काम झाले, तर उचलल्यावर जातो. ही परीक्षा सुरू करणे, बंद करणे आणि वर भर घालणे (चालू लूपवर आणखी आवाज भरणे), या तिन्हींसाठी वेगवेगळी करा, कारण काही यंत्रांत सुरुवात दाबल्यावर आणि शेवट उचलल्यावर असा संकर आढळतो. दोष पेडलचा नसून लूपरचाही असू शकतो. काही लूपर एकाच बटणावर रेकॉर्ड, थांबा आणि पुसा ही सगळी कामे घेतात. उपाय बहुतेक वेळा फुकटचा असतो: लूपच्या बटणावरचे दाबून धरण्याचे आणि दोनदा दाबण्याचे काम काढून ते दुसऱ्या बटणावर द्यावे, आणि सेटिंगमध्ये संदेश दाबताच पाठवण्याचा पर्याय असेल तर तो निवडावा. लूप उघडण्या-मिटवण्याच्या बटणाने दुसरे काहीच करू नये.

दाबताच संदेश जात असूनही चढउतार दिसला तर एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा वीस-पंचवीस पाय मोजा. ब्लूटूथ असेल तर वायर लावून पाहा. बफर ५१२ असेल तर १२८ करून पाहा. बफर लहान केल्यावर मधला आकडा उतरला पण विखुरणे तसेच राहिले, तर सॉफ्टवेअर निर्दोष आहे आणि चढउतार त्याच्या अलीकडे आहे. विखुरणेही आकसले, तर संदेश तुकड्याच्या तोंडाशी ढकलले जात होते. पाच पिनांची केबल असेल तर मधल्या टप्प्यावरही पाहता येते: मिडी थ्रू बॉक्सने संदेशाचे दोन फाटे करून एक लूपरला द्यावा आणि दुसरा दहा किलो ओहमच्या रेझिस्टरमधून इंटरफेसच्या लाइन इनपुटला द्यावा. संदेश तेथे मिलिसेकंदभराच्या खरखरीसारखा दिसतो. सुळक्यापासून खरखरीपर्यंत पेडलचा वेळ, खरखरीपासून आवाजापर्यंत लूपरचा. दोष कोणाचा याचा निवाडा त्यावरून लगेच होतो. इनपुटचा आवाज शून्यापासून हळूहळू वाढवावा.

एकदा दाबले असता लूप उघडून लगेच मिटतो किंवा थेट भर घालू लागतो, असे होत असेल तर ती वेळेची नव्हे, बटणाची तक्रार आहे. आपल्याकडे मंडपात मातीचा फुफाटा असतो, दव पडते आणि पेडल सतरंजीवर उघडे असते. संपर्कांवर थर बसला की उसळी लांबते आणि एका दाबाचे दोन संदेश होतात. कॉन्टॅक्ट क्लीनरने काही दिवस निभते, बटण बदलणे हाच कायमचा इलाज. प्रवासात पेडल कापडी पिशवीत गुंडाळून नेले तर बटणे जास्त टिकतात, हे जाता जाता सांगतो.

पेडल पूर्ण निर्दोष ठरले तरी तबल्याच्या ॲपबरोबरची तुमची फट पुरती मिटणार नाही. लूपर आणि फोन यांची घड्याळे वेगळी आहेत. दोन क्वार्ट्झ घड्याळांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक असणे अगदी सामान्य आहे, आणि तेवढ्याने मिनिटाला तीन मिलिसेकंद साचतात. दहा मिनिटांच्या भजनात ३० मिलिसेकंद होतात. त्याहून मोठी गोष्ट माणसाच्या पायाची. तुमचा पाय १० मिलिसेकंदांनी इकडेतिकडे पडणार, माझाही पडतो. तीन सेकंदांच्या लूपवर तेवढी चूक मिनिटात २०० मिलिसेकंद होते. म्हणून दोन मोकळी घड्याळे शेजारी चालवून पायाने जुळवण्याचा मार्गच मला कच्चा वाटतो. लूपर आणि तबल्याचे ॲप दोन्हींत मिडी क्लॉक किंवा एबलटन लिंकची, म्हणजे दोन्हींची लय एकत्र बांधण्याची, सोय असेल तर एकाला मालक करून दुसऱ्याला त्याच्या मागे चालवा आणि लूपरमध्ये क्वांटाइझ लावा. ती सोय नसेल तर ॲपचा तबला फोनवर वेगळा न वाजवता लूपमध्येच भरून घ्या. फोनची वायर लूपरच्या इनपुटला द्या, तबला आणि खंजिरी एकाच लूपमध्ये भरा आणि मग ॲप बंद करा. लूप २० मिलिसेकंद लांब झाला तरी दोन्ही वाद्ये एकत्रच लांबतील आणि फट पडायला दुसरे कोणी उरणारच नाही. ऐकणाऱ्याला सांध्यावर २० मिलिसेकंदांचा हिसका क्वचितच कळतो.

तो हिसकाही लपवता येतो. पाय समेवरच द्यायला हवा असा नियम नाही. दोन्ही पाय आवर्तनात एकाच जागी पडले की लांबी तीच राहते. मी समेनंतर अर्ध्या मात्रेवर, दोन थापांमधल्या मोकळ्या जागेत पाय देतो. सांधा शांततेत पडतो, थापेचे तोंड कापले जात नाही आणि सम वाजवताना माझे लक्ष फक्त हातावर राहते. आठवडाभर सरावाला लागतो. लूप एका आवर्तनाऐवजी चार आवर्तनांचा भरला तर पायाची तीच चूक चौपट अंतरावर पसरते, हाही फायदा.

मंडपात बसल्यावर आणखी एक फसवणूक होते. तुमचा कर्णा खांबावर सहा मीटर दूर असेल तर लूपचा आवाज तुमच्यापर्यंत १७ मिलिसेकंदांनी येतो आणि तुम्ही पेडलला दोष देता. लहान स्पीकर जवळ घ्या किंवा वायरचे इअरफोन लावा. ब्लूटूथचे इअरफोन किंवा स्पीकर या कामाला अजिबात वापरू नका. त्यांचा उशीर शंभर मिलिसेकंदांच्या पुढे सहज जातो आणि त्यांच्यावर ऐकून दिलेला प्रत्येक पाय चुकीच्या जागी पडतो.

तेव्हा नवे पेडल आताच घेऊ नका. आज रात्री प्रथम बटण दाबून धरण्याची परीक्षा करा, तिन्ही कामांसाठी. त्यात दोष निघाला तर सेटिंग बदलून दुसऱ्या दिवशी भजनाला बसा. नाही निघाला, तर वीस लूपांची मोजणी करा आणि मागितलेली व मिळालेली लांबी अशा दोन रकान्यांत आकडे लिहून कळवा. सोबत पेडल कशाने जोडले आहे आणि लूपरचा बफर किती आहे तेही लिहा. नवे पेडल घ्यायचेच झाले तर दुकानातही दाबून धरण्याची तीच परीक्षा करा आणि लूपच्या बटणाला एकच काम देता येते ना, हे पैसे देण्याआधी पाहून घ्या.